आधी जुना ठेवा

विमलकाकूंच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की "या" नाही, "काय पाहिजे" नाही. "आधी जुना ठेवा," हे त्यांचं पहिलं वाक्य. गाडीचा कुठलाही सुटा भाग घ्यायला जा, निकामी झालेला जुना भाग काउंटरवर आल्याशिवाय त्या नवा काढत नसत. आणि नवा हातात देण्याआधी जुना उचलून दाराबाहेरच्या मोठ्या दगडावर नेत, पदर खोचत आणि घण घालून त्याचे तुकडे करत. साठीच्या आसपासची, काडीसारख्या अंगाची बाई भर बाजाररस्त्यावर घण घालते आहे, हे दृश्य काष्टीच्या लोकांच्या अंगवळणी पडलं होतं. नवा माणूस मात्र दचकून मागे सरकायचा. मीही सरकलो होतो.

मी जनावरांचा डॉक्टर. बदली होऊन श्रीगोंदा तालुक्यात आलो तेव्हा माझ्याकडे एक जुनी मोटार होती. पुण्याच्या एका निवृत्त गृहस्थांकडून घेतलेली, लांबलचक, पेट्रोल पिणारी आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक असलेली. या शेवटच्या गोष्टीचा मला फार अभिमान. भेटेल त्याला सांगायचो. कंपनीने ते मॉडेल काढणं केव्हाच बंद केलंय, हे मात्र सांगत नसे. एके दिवशी अडलेली गाय मोकळी करून परत येताना गाडी मागून कुणी धरून ठेवल्यासारखी चालू लागली आणि करपट वास सुटला. उतरून बघतो तर मागच्या चाकाजवळ हात नेववेना. तशीच रखडत ती काष्टीला, पोपट मिस्त्रीच्या लिंबाखाली आणली. पोपटचं गॅरेज म्हणजे ते लिंबाचं झाड आणि त्याच्या फांदीला टांगलेली साखळी, बस्स.

त्याने मागची दोन्ही चाकं काढली, आत डोकावला आणि म्हणाला, "मागचे कॅलिपर गेले, डॉक्टर. ह्यो जाम झालाय, अन् त्यो आईल गाळतोय."

कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला दोन्ही अंगांनी धरणारा लोखंडी जबडा. ब्रेक दाबला की त्याने धरायचं, पाय काढला की सोडायचं. माझा एक जबडा धरलेलं सोडत नव्हता आणि दुसरा धरायचंच सोडून देण्याच्या बेतात होता.

"काकूंकडनं आना," पोपट म्हणाला. "दुसरीकडं स्वस्तात मिळंल, पन त्यो मी बशिवनार न्हाई."

शेजारच्याच गाळ्यात काकूंचं दुकान. मी जाम झालेला कॅलिपर घेऊन गेलो. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला, नखाने गंज खरवडला.

"दुसरा कुठाय?"

"दुसरा अजून चालतोय, काकू. एकच द्या."

"एक देत न्हाई मी. एका अंगाला नवा अन् एका अंगाला जुना, म्हंजी नवरा-बायकोत एकानंच बोलायचं. गाडी त्याच अंगाला वडनार." मग जरा थांबून म्हणाल्या, "अन् तुमची जोडी माज्याकडं न्हाई. पुन्यास्नं मागवावी लागंल. टाइम लागंल."

"तोवर?"

"तोवर फटफटी."

"हळू चालवीन की."

"हळू तर समदेच चालवत्यात. गाडी चालंना झाली तर मानूस घरी बसतंय, डॉक्टर. थांबंना झाली तर घरी येत न्हाई."

मला राग आला. गोठ्यागोठ्यात उपदेश करत हिंडणाऱ्या माणसाला तो ऐकून घ्यायची सवय नसते. पण पोपटने तोवर माझी मोटार ठोकळ्यांवर चढवलीसुद्धा होती. काकूंचा शब्द लिंबाखालीही चाले.

मग बाजाराच्या दिवशी दवाखाना आटोपला की मी जोडीची चौकशी करायला जाऊ लागलो. जोडी आलेली नसे, चहा मात्र येई. काकू काउंटरमागे बसून हिरड्यांवरून मिश्रीचं बोट फिरवत असत. "येवढं एकच येसन हाय, त्याच्यावर बोलायचं न्हाई," अशी तंबी मला पहिल्याच दिवशी मिळाली होती. कुणी चकचकीत खोक्यातला माल विकायला आला की, "रंग रंगपंचमीला आन. हितं लोखंड दाखव." कुणी भावात फार घासाघीस करायला लागला की, "कापडाच्या दुकानात घास. कापड फाटलं तर शिवता येतंय." बाईचं तोंड असं फटकळ, पण गिऱ्हाईक हटत नसे. दौंडपासूनचे ड्रायव्हर वाट वाकडी करून तिथे येत.

दुकानाच्या मागच्या अंगाला एका स्टुलावर नाना बसलेले असत. नाना म्हणजे काकूंचे यजमान. डिझेलच्या डब्यात जुने नटबोल्ट धुवायचे, फडक्याने पुसायचे आणि मापाप्रमाणे डब्यात टाकायचे, एवढंच त्यांचं दिवसभराचं काम. ते कुणाशी बोलत नसत. मी नमस्कार केला तर मान हलवत, आणि पुन्हा डब्यात हात. दुपारी काकू शटर अर्धं ओढून आधी त्यांचं ताट वाढत आणि त्यांचं होईपर्यंत समोर बसून राहत. मला वाटलं होतं, म्हाताऱ्याला ऐकू येत नसावं. एकदा तसं बोललोही. काकूंनी मिश्रीचं बोट पुसलं आणि शांतपणे सगळं सांगितलं.

दुकान पूर्वी नानांचं. काकूंच्या पाठचा भाऊ दत्तू, त्याचा नगरला भंगाराचा धंदा. गॅरेजांतून जुने कॅलिपर, पंप, बेअरिंगं उचलायची, अ‍ॅसिडच्या टाकीत बुडवून गंज काढायचा, मिळेल तिथलं रबर घालायचं, वरून चंदेरी रंग मारायचा आणि नव्या खोक्यात भरून दुकानांना द्यायचं. नानांच्या फळ्यांवर अर्धा माल मेहुण्याचाच. सगळेच ठेवत, म्हणून नानाही ठेवत. गिऱ्हाइकाला कुणी सांगत नसे. त्यांचा एकुलता एक मुलगा प्रकाश. त्याच्या गाडीचे मागचे कॅलिपर गेले तेव्हा नानांनी फळीवरचीच जोडी काढली आणि आपल्या हाताने बसवली. घरचीच गाडी, घरचाच माल. ऊसतोडीचे दिवस होते. तिन्हीसांजेला प्रकाश दौंडहून परत येत होता. रस्त्यात उसाने भरलेली जुगाड ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती, मागे दिवा नव्हता. त्याने ब्रेक दाबला आणि पेडल तळाला गेलं.

"मी गेल्ते बघायला," काकू म्हणाल्या. "मला जाऊ देत न्हवते. चाकावर समदं आईल पसरल्यालं. अन् कॅलिपरचा रंग निघून आतनं जुनाट गंज दिसत हुता. मी त्या चाकापाशीच बसले."

पोलिसांनी कागदावर भरधाव वेग लिहिला. गावातही तेच सुरू झालं, तरणं पोरगं, जोरात चालवत असणार. सावडायच्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना दत्तूच म्हणाला, "पोरगं लई सुसाट चालवायचं, काय करनार." तेव्हा नाना उठून उभे राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "न्हाई. कॅलिपर भंगार हुता. म्या बशिवला. मला ठावं हुतं." त्यानंतर नानांनी बोलणंच टाकलं.

"नानांनी चारचौघांत कबूल केलं," काकू म्हणाल्या. "म्हून त्यांच्या ताटात वाढते मी. दत्तूनं बी एकदा तोंडानं म्हनावं. माल माझा हुता, पोराची चूक न्हवती. मला पोलीस नको, कोरट नको. माझं पोरगं येड्यावानी गाडी चालवत न्हवतं, येवढं मला त्याच्या तोंडनं ऐकायचंय."

पण दत्तूशेठ ते म्हणत नव्हते. म्हटलं की धंदा बसला. काकूंनी दुकान हातात घेतलं, फळ्यांवरचा त्यांचा सगळा माल बाहेर काढून त्या दगडावर फोडला, आणि तेव्हापासून आपल्या दारातून एकही जुना भाग भावाच्या टाकीपर्यंत जाऊ द्यायचा नाही हे व्रत धरलं. मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, "काकू, सगळ्या जिल्ह्याचं भंगार त्यांच्याकडे जातं. तुमच्या एका दुकानाने काय होणार?"

"मी जिल्ह्याचं बघतच न्हाई. माज्या दगडापुरतं बघते."

माझी जोडी अखेर आली, तीही बाजाराच्याच दिवशी. काकूंनी खोकी उघडून दोन्ही कॅलिपर काउंटरवर ठेवले होते आणि मी कौतुकाने बघत होतो, तेवढ्यात दाराशी माझ्याच मॉडेलची पांढरी गाडी येऊन उभी राहिली. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, बोटांत अंगठ्या, असे एक गृहस्थ उतरले आणि चपला बाहेर काढून आत आले. मागच्या डब्यातला नानांचा हात थांबला. त्यावरून मी ओळखलं.

"आक्का," दत्तूशेठ म्हणाले.

"आधी जुना ठेव."

"गाडीलाच हायेत. मागचे दोनी. पोपट काढंल." ते घाम पुसत होते. "कंपनीत इच्यारलं, मॉडेल बंद हाय म्हंत्यात. तुज्याकडं जोडी आलीय असं कळालं."

"तुझ्याकडं ढीग हाय की. त्यातली घाल."

काकूंनी वाट पाहिली. शेवटी खाली बघत ते म्हणाले, "शीतलला बाळंतपनाला आनायचंय. पयलं हाय. पोटुशी पोर गाडीत बसनार, आक्का."

"माझा बी पोटचाच हुता."

बाहेर बाजार बोंबलत होता आणि आत त्या डिझेलच्या डब्याचाही आवाज नव्हता. काकू काउंटरवर ओणव्या झाल्या. "येवढंच म्हन, दत्तू. माल माझा हुता. हितं कोन हाय? नाना, मी अन् ह्ये डॉक्टर."

"झालं गेलं, आक्का... उगा आता..." एवढंच त्यांच्या तोंडून आलं.

मला वाटलं, आता घण उचलतील. त्या माझ्याकडे वळल्या. "डॉक्टर, तुमाला दुसरी जोडी मागवून देते. तवर चालंल का फटफटी?" नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती, इच्छा होती, हे कबूल करतो. मी मान हलवली.

पोपटने लिंबाखाली कामाला सुरुवात केली. जुने कॅलिपर निघाले, नवे चढले, हँडब्रेकच्या तारा जोडल्या. मग नळ्यांतली हवा काढायची वेळ आली. त्यासाठी एकाने गाडीत बसून पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने चाकापाशी बसून हवेचा नट सैल करायचा. दुकानातून गेलेला ब्रेक असला की पेडलवर काकूच बसत, हा तिथला रिवाज. त्या चपला काढून चालकाच्या जागेवर बसल्या आणि अनवाणी पाय पेडलवर ठेवला.

"दाबा, काकू. धरा. सोडा," पोपट खालून सांगत होता. बाटलीतल्या तेलात आधी बुडबुडे आले, मग ते थांबले. पोपटने नट आवळला आणि "झालं" म्हणून उठला. काकू उठल्या नाहीत. डोळे मिटून त्या पेडल दाबत राहिल्या. पुन्हा, पुन्हा. प्रत्येक वेळी ते मध्येच घट्ट होऊन अडत होतं. त्यांचा पाय काय तपासत होता ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. दत्तूशेठ दुसरीकडे बघत उभे होते.

उतरल्यावर त्या म्हणाल्या, "जा. पोरीला घिऊन ये."

दत्तूशेठांचा जीव भांड्यात पडला. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला आणि त्या सैलपणात त्यांचा हात सवयीने खाली गेला. मातीत पडलेले आपले जुने कॅलिपर त्यांनी उचलले आणि डिकीकडे निघाले. आयुष्यभराची सवय ती. चार पावलांवर त्यांचं त्यांनाच कळलं. काकूंनी नुसता हात पुढे केला. त्यांनी कॅलिपर परत दिले, आणि काकूंनी ते त्यांच्यादेखत दगडावर ठेवून फोडले. घाव नेहमीपेक्षा जास्त घातले.

"ह्या भाऊबीजेला येऊ का, आक्का?" जाताना त्यांनी विचारलं.

"ब्रेक माज्या भाचीला दिलाय. तुला न्हाई."

माझी जोडी पुढे यथावकाश आली. माझ्या पेडलवरही काकूच बसल्या. त्या वर्षी थंडीत एकदा त्या मला म्हणाल्या, "डॉक्टर, जनावराच्या तोंडाला काय लावता, ते मला द्या. गालात आतनं फोड आलाय, भरंना झालाय." मी मोबाईलच्या उजेडात बघितलं. मिश्रीवर बोलायचं नाही ही तंबी मी इतके दिवस पाळली होती, त्या दिवशीही मला बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना माझ्या गाडीत घालून नगरला नेलं. तिथून पुण्याला. गालाचा आणि जबड्याचा भाग काढून टाकला आणि त्याबरोबर काकूंचं बोलणंही गेलं. घशातून घरघर येई, शब्द होत नसे. गाव ज्या तोंडाला टरकून होतं, त्यातून एक शब्द निघत नव्हता. मला ते बघवत नसे. मी जात असे, कारण घरात बोलणारं कुणीच उरलं नव्हतं. दुकानाचं शटर बंद. नाना खाटेशेजारी स्टूल ठेवून बसून असायचे.

अगदी शेवटी शेवटी दत्तूशेठ आले. शीतल आणि तिचं बाळ बरोबर होतं. काकूंनी बाळाच्या पायावरून बोट फिरवलं. मग त्यांनी नजर वळवली आणि भावाच्या तोंडाकडे बघत राहिल्या. दत्तूशेठ पावसाबद्दल बोलले. पुण्यात दुसरा एक चांगला डॉक्टर आहे म्हणाले. बाळाचं नाव काय ठेवलं ते सांगितलं. काकूंची नजर त्यांच्या ओठांवरून हलत नव्हती. एकदा त्यांनी हात उचलला आणि बोटाने भावाच्या तोंडाकडे खूण केली. त्या खोलीत ती खूण न कळलेलं फक्त ते बाळ असेल. दत्तूशेठांनी कपाळावरचा घाम टिपला. "तू आराम कर, आक्का," म्हणाले आणि उठले. मला त्या क्षणी त्या माणसाची इतकी किळस आली की मी त्यांना वाटसुद्धा दिली नाही. ते अंग चोरून गेले. पुढच्या आठवड्यात काकू गेल्या.

दशक्रियेला भीमेच्या काठी पुष्कळ माणसं जमली. इकडच्या रीतीप्रमाणे माईक लागला होता. ज्यांनी त्यांच्याकडून कधी साधा बोल्ट घेतला नव्हता, अशा पुढाऱ्यांनी श्रद्धांजली वाहिली. मग पिंड मांडला आणि सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघू लागले. समोरच्या बाभळीवर दोन-तीन कावळे होते. एकही खाली येईना. कुणी भावकीतला पुढे होऊन म्हणाला, "काकू, नानांना आमी सांभाळू." पोपट रडत म्हणाला, "भंगार माल मी कुनाच्या गाडीला बशिवनार न्हाई, काकू." कावळे तिथेच. ऊन चढू लागलं. हळूहळू बोलणं थांबलं आणि मग माणसं दत्तूशेठांकडे बघत नाहीत असं दाखवत त्यांच्याकडे बघू लागली.

बराच वेळ ते मान खाली घालून उभे राहिले. मग पुढे आले. हात जोडले. माईक चालूच होता, त्यामुळे लांब बसलेल्या बायकांनाही स्पष्ट ऐकू गेलं. "आक्का, त्यो माल माझा हुता. पर्काशची काय बी चूक न्हवती. पोरगं नीट चालवत हुतं."

बायकांत हुंदका उठला. मी जनावरांचा डॉक्टर आहे. पाखरू भुकेने खाली येतं आणि गर्दीला बिचकतं, हे मला माहीत आहे. तरी सगळ्यांबरोबर मीही जीव मुठीत धरून बाभळीकडे पाहिलं. एक कावळा उतरला, पिंडाजवळ दोन उड्या मारल्या आणि उडून नदीपलीकडे गेला. दत्तूशेठ तसेच हात जोडून उभे होते.

नाना पिंडासमोर उकिडवे बसले होते. नुकतंच केस काढलेलं डोकं उन्हात चमकत होतं. मागे न बघता ते म्हणाले, "आता कुनाला सांगतोस, दत्तू?"

गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला.